वाळूच्या रंगाचा शोध : वाळवंटी लष्करी गणवेशाची पावणेदोनशे वर्षे

धुळीच्या रंगाचा गणवेश एका अख्ख्या पलटणीला पहिल्यांदा मिळाला तो पेशावरच्या आसपास, वायव्य सरहद्दीवर. डिसेंबर १८४६ मध्ये हेन्री लॉरेन्स यांच्या आदेशावरून हॅरी लम्सडेन या तरुण अधिकाऱ्याने तिथे 'कोअर ऑफ गाइड्स' ही छोटी फौज उभी केली. वाटा शोधणे, बातम्या काढणे आणि वेळ पडली तर लढणे, हे तिचे काम. त्या काळी ब्रिटिश सैन्य लाल डगल्यात लढत असे, आणि त्यालाही कारण होते. बंदुकीचा पल्ला कमी, दारूचा धूर दाट. त्या धुरात आपली माणसे कुठली हे सेनापतीला दिसणे महत्त्वाचे. सरहद्दीवर मात्र शत्रू दगडाआडून लांब पल्ल्याची जझैल रोखून बसलेला असे आणि लाल डगला त्याला आयता नेम पुरवत असे. लम्सडेनने आपल्या माणसांना स्थानिक जाडेभरडे सुती कापड मातकट रंगवून दिले. त्याचा सहकारी विल्यम हॉडसन याने नंतर इंग्लंडमध्ये पाद्री असलेल्या आपल्या भावाकडून ९०० माणसांसाठी त्याच रंगाचे कापड मागवून घेतले. धुळीच्या मुलखात माणूस दिसताच कामा नये, एवढी साधी कल्पना त्यामागे होती. तिथून पुढचा सगळा इतिहास या कल्पनेभोवती फिरतो. धूळ सगळीकडे एका रंगाची नसते, ही अडचण लोकांच्या ध्यानात यायला मात्र पुढे बराच काळ गेला.

१८५७ च्या उन्हाळ्यात अनेक गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे ड्रिलचे कपडे चहा, शाई, चिखल, जे हाताशी असेल त्यात बुडवून रंगवले. उठाव शमल्यावर हा रंग मागे पडला, कारण तो टिकत नव्हता. एका धुण्यात कुणाचा गणवेश जांभळट होई, कुणाचा राखाडी, आणि कवायतीच्या मैदानावर एका रांगेत दहा छटा दिसत. हा प्रश्न लँकेशायरमधल्या ॲक्रिंग्टन गावी सुटला. फ्रेडरिक आल्बर्ट गॅटी या कापड रंगवणाऱ्या कारखानदाराने १८८४ मध्ये लोह आणि क्रोमियमच्या क्षारांनी पक्का खाकी रंग बसवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. ऊन, घाम आणि साबण सोसणारा रंग मिळाला आणि खाकी सरकारी मागणीचा माल झाली. पुढच्याच वर्षी, ३० डिसेंबर १८८५ रोजी, सुदानच्या सीमेवर गिनिस इथे ब्रिटिश सैनिक लाल डगला घालून शेवटचे लढले. १८९० च्या दशकाच्या अखेरीस परदेशातील सर्व मोहिमांसाठी खाकी ठरली. बोअर युद्धात दूरवरून अचूक मारा करणाऱ्या शेतकरी-सैनिकांनी उरलीसुरली शंका फेडली, आणि १९०२ मध्ये ब्रिटनमधल्या सैन्यालाही गडद खाकी लोकरी गणवेश देण्यात आला.

या खाकीतले सर्वांत फिके, सुती रूप म्हणजे 'खाकी ड्रिल'. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या हिंदी सैन्याच्या अंगावर तेच होते. कुत-अल-अमारा इथे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यात अडकलेली सहावी डिव्हिजन 'पूना डिव्हिजन' म्हणूनच ओळखली जाई. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या घरांतून गेलेली ही माणसे तैग्रिस नदीकाठच्या सपाट, झाडझाडोरा नसलेल्या मुलखात लढली. तिथे खाकीने त्यांना बऱ्यापैकी साथ दिली. त्या सपाटीवर लपायला जागा नव्हती, ही गोष्ट मात्र कुठल्याच कापडाने बदलणारी नव्हती. त्याच काळात फ्रान्समध्ये चित्रकारांची पथके तोफा आणि निरीक्षण चौक्या रंगवून झाकायला शिकत होती. १९१५ मध्ये फ्रेंच सैन्याने त्यासाठी वेगळा विभागच काढला. कॅमफ्लाज ही विद्या तिथे जन्मली. ती सैनिकाच्या सदऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागला. कापडावर छापलेले नक्षीदार कॅमफ्लाज मोठ्या प्रमाणावर प्रथम इटलीने १९२९ मध्ये आणले, तेही तंबूच्या कापडासाठी.

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेतले वाळवंट ही पहिल्या प्रतीची रणभूमी झाली, तरी तिथे लढणाऱ्या बहुतेक सैनिकांचे कपडे एकरंगीच राहिले. ब्रिटिश आठव्या सैन्यात खाकी ड्रिलचे सदरे आणि अर्ध्या चड्ड्या होत्या. तोब्रुकच्या बचावात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती. जून १९४२ मध्ये ते ठाणे पडले तेव्हा तिचे बहुतेक सैनिक कैद झाले. समोरच्या बाजूला, फेब्रुवारी १९४१ मध्ये त्रिपोलीत उतरलेल्या रोमेलच्या 'आफ्रिका कोर'ला उष्ण प्रदेशासाठी म्हणून हिरवट ऑलिव्ह रंगाचा सुती गणवेश मिळाला होता. लिबियाच्या वाळूत तो उठून दिसे. काही महिन्यांच्या उन्हाने आणि धुण्याने त्याचा रंग उडाला, आणि उडालेला रंग कारखान्यातल्या रंगापेक्षा वाळूला अधिक जवळचा निघाला. फिकट टोपी हे मुरलेल्या सैनिकाचे लक्षण ठरले आणि नव्याने आलेले लोक आपल्या टोप्या मुद्दाम विटवू लागले. शिरस्त्राणांवर रंग देताना दोन्ही बाजूंचे सैनिक त्यात वाळू मिसळत, म्हणजे धातूची चकाकी मरे. तज्ज्ञांच्या समितीने ठरवलेल्या रंगापेक्षा जमिनीनेच घडवलेला रंग सरस ठरल्याचे हे पहिले ठळक उदाहरण आहे, आणि पुढच्या पन्नास वर्षांत ते फारसे कुणी लक्षात ठेवले नाही.

त्या आघाडीवर शास्त्रही आले होते. ह्यू कॉट हा केंब्रिजचा प्राणिशास्त्रज्ञ कैरोजवळच्या हेलवान इथल्या कॅमफ्लाज प्रशिक्षण केंद्रात शिकवत होता. प्राण्यांच्या रंगांवरचा त्याचा मोठा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला होता. रंग जुळवणे हा लपण्याचा अर्धाच भाग आहे, हे त्याचे मुख्य सांगणे. खरा घात आकृतीची बाह्यरेषा आणि सावली करतात, म्हणून ती रेषा मोडणारे ठळक पट्टे हवेत. वाळवंटात हे दोन्ही घटक तीव्र होतात. सूर्य तिरपा असताना उभ्या माणसाची सावली त्याच्या कितीतरी पट लांब पडते. दुसरी अडचण अंतराची आहे. जंगलात शत्रू पन्नास पावलांवर दिसतो, वाळवंटात तो दोन किलोमीटरवरून हेरतो. इतक्या दुरून बारीक ठिपके वेगळे दिसत नाहीत. ते एकमेकांत मिसळतात आणि डोळ्याला त्यांचा एकच सरासरी रंग जाणवतो. ती सरासरी जमिनीपेक्षा गडद असली, तर जवळून कितीही देखणी नक्षी दुरून काळपट ठिपका होते. वाळवंटी गणवेशाचे पुढचे जवळजवळ प्रत्येक यश आणि अपयश या एका गोष्टीने समजावता येते.

वाळवंटासाठी खास छापलेला आणि जगभर ओळखला गेलेला पहिला गणवेश अमेरिकेचा. इराणमधल्या क्रांतीनंतर आखाती प्रदेशात वेगाने सैन्य धाडता यावे म्हणून अमेरिकेने १९८० मध्ये 'रॅपिड डिप्लॉयमेंट' दल उभारले, आणि त्याच दशकाच्या सुरुवातीला सहा रंगांचा वाळवंटी गणवेश वाटायला काढला. फिक्या वाळूवर फिकट हिरवा आणि दोन तपकिरी छटांचे लांबट पट्टे, आणि त्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे पुंजके. पांढरा ठिपका म्हणजे उन्हात चमकणारा खडा आणि काळा म्हणजे त्याची सावली. सैनिकांनी त्याला 'चॉकलेट चिप' असे बिस्किटाचे नाव दिले आणि तेच रूढ झाले. इजिप्तमधल्या 'ब्राइट स्टार' सरावांत आणि सिनाईतल्या शांतिसेनेत तो दिसू लागला. नक्षी विचारपूर्वक केलेली होती, यात शंका नाही. तिच्यामागचे वाळवंट मात्र कॅलिफोर्नियाकडचे, खडकाळ आणि गोट्यांनी भरलेले होते.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले आणि काही महिन्यांत पाच लाखांवर अमेरिकन सैन्य सौदी अरेबियात उतरले. तिथली जमीन बव्हंशी सपाट, फिकी, खड्यांविना. काळे-पांढरे पुंजके त्या पार्श्वभूमीवर काहीच झाकत नव्हते, उलट लक्ष वेधत होते. सहा रंगांची छपाई खर्चिक, त्यामुळे साठाही अपुरा. जर्मनीहून आलेल्या तुकड्यांतले कित्येक जण युरोपच्या जंगलांसाठीच्या हिरव्या गणवेशातच वाळवंटात उभे राहिले. रासायनिक हल्ल्यापासून वाचवणारे जाड पोशाखही बहुतेक हिरवेच होते, आणि फेब्रुवारी १९९१ मधल्या जमिनीवरच्या चढाईत अनेकांनी तेच घातले होते. सर्वोच्च सेनापती नॉर्मन श्वार्झकॉफ चॉकलेट चिपमध्ये जगाच्या दूरचित्रवाणीवर रोज दिसत. म्हणून लोकांच्या मनात तो गणवेश विजयाशी जोडला गेला, पण लष्कराने त्याचा निकाल तोवर लावून टाकला होता.

या निकालामागचे काम मॅसॅच्युसेट्समधल्या नेटिक इथल्या लष्करी संशोधन केंद्रात झाले. या वेळी संशोधकांनी आधी माती मागवली. सौदी अरेबिया आणि कुवेतमधल्या मातीचे नमुने समोर ठेवून रंग ठरवले गेले आणि अनेक नमुना-नक्षी तपासून तीन रंगांची एक निवडली गेली. फिकी वाळू, त्यावर फिकट हिरव्या आणि तपकिरी रंगाचे रुंद, आडवे, निवांत ओघळ. ठिपके नाहीत, काळा रंग नाही. हिचेही टोपणनाव 'कॉफीचा डाग' असे पडले. युद्ध संपता संपता श्वार्झकॉफ आणि काही वरिष्ठ अधिकाऱ्यांना ती मिळाली. सर्वसाधारण सैनिकाच्या अंगावर ती नंतर आली. ऑक्टोबर १९९३ मध्ये सोमालियातल्या मोगादिशूत लढलेले रेंजर्स आणि २००३ मध्ये इराकमध्ये शिरलेले सैन्य याच गणवेशात होते. या साऱ्या इतिहासात मातीपासून सुरुवात करून रंगापर्यंत आलेले असे काम विरळा आहे. त्यामुळेच कदाचित ही साधी, अनाकर्षक नक्षी दहा-बारा वर्षे कुरकुरीविना टिकली.

पायांचीही कथा अशीच आहे. व्हिएतनामसाठी केलेल्या बुटांना पाणी बाहेर जावे म्हणून बाजूला भोके होती. वाळवंटात त्यांतून वाळू आत येई. तळव्यातली पोलादी पट्टी सापळ्यातल्या अणकुचीदार खुंट्यांपासून वाचवण्यासाठी होती. तापलेल्या जमिनीवर ती पाय भाजून काढी. आखाती युद्धाच्या धामधुमीत भोके आणि पट्टी काढून वाळूच्या रंगाचा, खरखरीत चामड्याचा बूट तयार झाला. आज जगभरच्या सैन्यांत दिसणाऱ्या तपकिरी बुटांच्या घराण्यातला तो पूर्वज.

ब्रिटनची अडचण वेगळ्याच जातीची होती. १९८० च्या दशकात ब्रिटिश कारखान्यांनी चार रंगांची वाळवंटी नक्षी तयार करून मध्यपूर्वेतल्या देशांना विकली होती, आणि त्या गिऱ्हाइकांत इराकही होता असे मानले जाते. शत्रूच्या अंगावर असू शकेल तोच गणवेश आपल्या सैनिकांना देणे परवडणारे नव्हते. म्हणून घाईने वाळूवर केवळ तपकिरी रंग असलेली दोन रंगांची नक्षी काढण्यात आली. गरजेपोटी साधी केलेली ही नक्षी सपाट वाळवंटात उत्तम ठरली आणि पुढे जवळपास वीस वर्षे चालली. तिचा पुरवठा मात्र नेहमीच तोकडा पडला. २००३ मध्ये इराकला निघालेल्या कित्येक ब्रिटिश सैनिकांना वाळवंटी कपडे आणि बूट वेळेवर मिळाले नाहीत, आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने त्याच वर्षी तसे नोंदवले. अमेरिकनांचीही परिस्थिती फार चांगली नव्हती: वाळूच्या रंगाच्या गणवेशावर हिरव्या नक्षीचे चिलखत चढवलेले सैनिक त्या वर्षीच्या छायाचित्रांत जागोजागी दिसतात. छातीवर गडद हिरवा चौकोन घेऊन वाळूत उभ्या राहिलेल्या माणसाला खालच्या कपड्यांचा काय उपयोग? हा दोष नक्षीचा नव्हता, कोठारांचा होता, आणि त्याची किंमत मोजणारा कोठारात बसलेला नव्हता.

फ्रान्सने १९९० मध्ये आखाताकडे धाडलेल्या मोहिमेचे नाव 'दागे' होते, आणि तिच्यातल्या आडव्या तपकिरी पट्ट्यांच्या वाळवंटी नक्षीलाही तेच नाव चिकटले. जर्मनीने आपल्या प्रसिद्ध ठिपकेदार 'फ्लेकटार्न'ची तीन रंगांची वाळवंटी आवृत्ती काढली. चॉकलेट चिपला अमेरिकेने निरोप दिला, तरी इतरांनी ती उचलली; सौदी अरेबियासारख्या देशांत ती राहिली, आणि २००३ नंतर नव्याने उभारलेल्या इराकी सैन्याच्या अंगावरही तीच आली.

रात्रीच्या वाळवंटासाठीही एक प्रयोग झाला. सोव्हिएत बनावटीच्या रात्र-दुर्बिणींना चकवण्यासाठी अमेरिकेने हिरव्या चौकटींची जाळी छापलेला लांब कोट आणि विजार काढली. दिवसाच्या गणवेशावर ती चढवायची. पहिल्या पिढीच्या दुर्बिणींचे चित्र भरड असे. तिथे ही जाळी उपयोगी पडेल असा हिशेब होता. १९९१ पर्यंत दुर्बिणी सुधारल्या आणि हिशेब जुना झाला. सैनिकांनी तो कोट वाळवंटातल्या थंडीसाठी मात्र आवडीने वापरला. रात्र-दुर्बिणींमुळे कापडाच्या रंगशास्त्रात मात्र कायमचा बदल झाला. डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण कापड किती परतवते, हेही आता मोजले जाते. म्हणूनच अशा गणवेशाला खळ घालू नये, झळाळी आणणारी धुलाई पावडर वापरू नये, अशा सूचना त्याच्या पट्टीवर छापलेल्या असतात. कडक इस्त्रीचा गणवेश परेडला शोभतो, पण दुर्बिणीत उजळ दिसतो.

नव्या शतकात चौकोनी ठिपक्यांचे, ज्याला डिजिटल म्हणतात त्या नक्षीचे युग आले. तिची मुळे जुनी आहेत. वेस्ट पॉइंट इथे मानसशास्त्र शिकवणारे लष्करी अधिकारी टिमोथी ओनील यांनी १९७० च्या दशकात एक चिलखती वाहन लहानमोठ्या चौकोनांनी रंगवून पाहिले होते. मोठे आकार दुरून बाह्यरेषा मोडतात, त्यांच्या कडांचे छोटे चौकोन जवळून पोत जुळवतात. एकाच नक्षीत दोन्ही अंतरे साधायची, ही त्यामागची कल्पना. कॅनडाने तिला संगणकाच्या मदतीने कापडावर आणले. पाठोपाठ अमेरिकन मरीन कोअरने २००२ च्या सुमारास आपली नक्षी काढली, आणि ती एक नव्हे, दोन: एक जंगलासाठी, एक वाळवंटासाठी. वाळवंटी आवृत्ती चांगलीच यशस्वी ठरली. मरीन कोअरने तिचे पेटंट घेतले आणि नक्षीत आपले बोधचिन्हही बारीक छापले. पुढे नौदलाने तशाच छटांचा वाळवंटी गणवेश काढला तेव्हा मरीन कोअरच्या आक्षेपामुळे तो मुख्यतः नौदलाच्या विशेष दलांपुरता ठेवावा लागला. लपण्यासाठी केलेली वस्तू इथे ओळखीची खूण झाली होती.

ओळखीच्या या ओढीतूनच अमेरिकन भूदलाची मोठी चूक घडली. जून २००४ मध्ये त्याने फिकट वाळू, राखाडी आणि राखट हिरवा अशा तीन छटांची 'सार्वत्रिक' नक्षी जाहीर केली. शहर, जंगल आणि वाळवंट या तिन्हींसाठी एकच गणवेश! पुरवठ्याच्या दृष्टीने कल्पना मोहक होती, २००३ च्या मिश्र गणवेशांवरचा उपायही तीच वाटत होती. पण तिन्ही ठिकाणांची सरासरी काढलेला रंग तिन्हींपैकी कुठेच बसला नाही. अफगाणिस्तानातल्या तांबूस-तपकिरी डोंगरांवर तो राखाडी डागासारखा दिसे. सैनिकांच्या तक्रारी अमेरिकन संसदेपर्यंत गेल्या, आणि २००९ मध्ये प्रतिनिधी जॉन मर्था यांच्या पुढाकाराने लष्कराला पर्याय शोधण्यास सांगण्यात आले. २०१० पासून अफगाणिस्तानात जाणाऱ्यांना ब्रुकलिनच्या क्राय प्रिसिजन कंपनीची 'मल्टिकॅम' ही तपकिरी-हिरव्या छटा एकमेकांत विरघळवणारी नक्षी मिळू लागली. अमेरिकन सरकारच्या लेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये नोंदवले की २००२ पासून चार सेनादलांनी मिळून सात नवे कॅमफ्लाज गणवेश आणले होते. त्यांतल्या भूदलाच्या सार्वत्रिक नक्षीची निवड पुरेशा चाचणीविना झाली होती. तिच्यावर अब्जावधी डॉलर गेले. ते परत मिळणार नव्हते. पण त्याहून मोठा दोष हा, की युद्ध चालू असताना सहा वर्षे सैनिकांना जिथे लढायचे तिथल्या जमिनीशी न जुळणारे कपडे घालावे लागले.

अफगाण राष्ट्रीय सैन्याच्या बाबतीत तर जमीन पाहिलीच गेली नाही. २००७ नंतर त्या सैन्यासाठी एका खासगी कंपनीची जंगली हिरवी नक्षी निवडली गेली, कारण ती तत्कालीन संरक्षणमंत्र्यांना आवडली. अफगाणिस्तान पुनर्बांधणीवर देखरेख करणाऱ्या अमेरिकन महानिरीक्षकांनी जून २०१७ च्या अहवालात दाखवून दिले की त्या देशाचा फक्त २.१ टक्के भूभाग जंगलाने व्यापलेला आहे, आणि या निवडीमुळे सुमारे २.८ कोटी डॉलरपर्यंत जादा खर्च झाला. उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांहून अधिक मुलखात अफगाण सैनिक हिरवा दिसत राहिला.

या अनुभवांनंतर बहुतेक सैन्ये वाळवंटासाठी वेगळा गणवेश ठेवण्यापासून दूर गेली आहेत. ब्रिटनने २०१० मध्ये मल्टिकॅमवर आधारलेली बहुप्रदेशी नक्षी स्वीकारली आणि दोन रंगांची वाळवंटी नक्षी हळूहळू निवृत्त केली. अमेरिकन भूदलाने २०१५ मध्ये मल्टिकॅमच्या जवळची नवी नक्षी वाटायला घेतली. भारतीय सैन्याने १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनी दिल्लीत नवा डिजिटल लढाऊ गणवेश दाखवला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या, म्हणजे निफ्टच्या साहाय्याने केलेल्या या गणवेशात ऑलिव्ह आणि मातकट छटांचे मिश्रण आहे, आणि थरच्या वाळूपासून ईशान्येच्या जंगलापर्यंत तो एकच वापरायचा आहे. 'एकच गणवेश सगळीकडे' हा हिशेब सोयीचा आहे आणि मल्टिकॅमने तो २००४ च्या प्रयोगापेक्षा पुष्कळ बरा सोडवला आहे. तरीही उघड्या, फिक्या वाळवंटात मरीन कोअरची खास वाळवंटी नक्षी किंवा नेटिकची ती तीन रंगांची जुनी नक्षी आजही अधिक चांगली लपवते, आणि मरीन कोअरने आपली वाळवंटी आवृत्ती म्हणूनच सोडलेली नाही.